गाडीचं एरियल आखूड कसं होत गेलं

गाडीतला रेडिओ आला तेव्हा एरियल बाहेरून दिसतच नसे. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' हा गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या गाड्यांच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसे, कापडाचा असे. त्याखाली तारेची जाळी बसवली की भागायचं. मग १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणलं आणि त्याखालची जाळी निकामी झाली. एरियल काही काळ फूटबोर्डखाली गेलं आणि शेवटी बॉनेटच्या कडेला काडी उभी राहिली.

तेव्हा गाडीत ऐकायचं ते मीडियम वेव्ह. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. तिथे एक लहर सुमारे ३७८ मीटर लांब. एरियल लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढं असलं की उत्तम चालतं, पण इथे तो हिस्सा ९५ मीटर होतो! म्हणजे मीडियम वेव्हसाठी गाडीचं एरियल पहिल्यापासूनच तोकडं. काडी अर्धी केली की तिच्यात उमटणारा सिग्नल अर्धा होतो. शिवाय रेडिओकडे जाणारी केबल त्यातला मोठा वाटा खाते आणि काडी आखूड झाली की हा वाटा वाढतो. रेडिओच्या हाती जेमतेम पाव सिग्नल उरतो.

एफएमचा हिशोब वेगळा. विविध भारतीच्या १०१ मेगाहर्ट्झला लहर ३ मीटरच्या आसपास, चौथा हिस्सा ७४ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांवरची ७५-८० सेंटिमीटरची काडी म्हणूनच एफएमला इतकी चपखल बसली. ती कापली तरी शहरात फरक कळत नाही, कारण सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत एफएमचा आवाज स्वच्छच राहतो. घाटात शिरल्यावर मात्र आधी स्टिरिओ जातो, मग खरखर सुरू होते.

उंच काडी धुताना वाकायची, पार्किंगच्या छताला अडायची, वेगात शीळ घालायची. १९६९च्या पाँटिॲक ग्राँ प्रीमध्ये ती काचेतल्या बारीक तारेच्या रूपात गेली. पुढे बोटभर दांडीवर तार गुंडाळलेली एरियल आली, मग टपावरचं माशाच्या पंखासारखं शार्क फिन. लांबीची भरपाई बुडाशी बसवलेला अॅम्प्लिफायर करतो; पण सिग्नलबरोबर तो गोंगाटही वाढवतो, आणि त्याचा पुरवठा तुटला तर स्टेशनं जवळजवळ गायबच होतात.

भारतात २००१ पासून खासगी एफएम आलं, गाडीतला श्रोता तिकडे वळला आणि मीडियम वेव्हची हानी कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. मला ती मोठी वाटते. डोंगराआड एफएम तुटतं, तिथेही मीडियम वेव्ह जमिनीलगत पोचते, आणि नेमकी तीच ऐकण्याची ताकद आपण गाडीतून काढून घेतली. जुन्या गाडीची काडी तुटली असेल तर निदान मूळ लांबीचीच बसवून घ्यावी.