पार्श्वभूमी: मालक संघटना कामगार कायद्यांवर कशा बोलू लागल्या

कामगार कायद्यात बदल होणार अशी चाहूल लागली की मालक संघटनांचे निवेदन येतेच. खर्च वाढेल, लहान उद्योग तग धरणार नाहीत, अंमलबजावणी पुढे ढकला. ही भाषा इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या काळापासून चालत आली आहे.

तेव्हा सगळेच गिरणीमालक कायद्याच्या विरोधात होते असे मात्र नाही. गिरण्यांतल्या मुलांच्या कामाला मर्यादा घालणाऱ्या १८०२ आणि १८१९ च्या कायद्यांमागे असलेले थोरले रॉबर्ट पील स्वतः गिरणीमालक होते आणि १८४७ चा दहा तासांचा कायदा संसदेत लढवणारे जॉन फील्डनही. उलट बाजूला नासाऊ सीनियर यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ होते. निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासातच मिळतो, तेव्हा तास कमी केले तर नफाच जाईल, असे त्यांनी १८३७ साली मांडले. दहा तासांचा कायदा आला आणि गिरण्या चालूच राहिल्या.

संघटित प्रयत्नाचा ठळक नमुना १८५५ चा आहे. फिरते शाफ्ट (यंत्रांना गती देणारे दांडे) झाकून घ्या, असे १८४४ च्या कायद्याने सांगितले होते. उंचावरच्या शाफ्टच्या बाबतीत बराच काळ डोळेझाक झाली. १८५४ मध्ये सरकारने आग्रह धरला आणि १८५५ मध्ये मँचेस्टरमध्ये कारखानदारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. सदस्यांवरचे खटले लढवायला वर्गणी गोळा झाली आणि सरकारी ढवळाढवळीविरुद्ध हॅरिएट मार्टिनो यांनी लिहिलेली पुस्तिका संघटनेने छापून वाटली. १८५६ मध्ये कायदा सैल झाला. स्त्रिया, मुले आणि अल्पवयीन मजुरांचा नेहमीच्या कामात ज्या भागांशी संबंध येईल, तेवढेच भाग झाकण्याची सक्ती उरली. निधी, वकील, प्रचार आणि मग दुरुस्ती हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो. कायदा रद्द करा असे म्हणण्यापेक्षा त्याची व्याख्या आखडून घेणे सोपे जाते, हे मालकांच्या तेव्हाच लक्षात आले असावे.

अमेरिकेत हाच क्रम फार मोठ्या प्रमाणावर घडला. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्सने कामगारांना संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या वॅग्नर कायद्याला कडवा विरोध केला. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तेव्हा रोख दुरुस्तीकडे वळला. दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, टाफ्ट-हार्टली कायदा अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला. नोकरीसाठी कामगार संघटनेच्या सदस्यत्वाची अट घालणारे करार बेकायदा ठरवण्याची मुभा त्याने राज्यांना दिली.

स्वीडनमधल्या मालकांनी वेगळी वाट धरली. संप आणि टाळेबंद्या आवरायला सरकारच कायदा करणार असे दिसू लागल्यावर मालकांच्या व कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनी १९३८ मध्ये साल्टशोबादेनला आपापसात करार केला. कायदा नको म्हणून करार, असा हा सौदा होता. दोन्ही बाजू पुरेशा बलवान असतील तेव्हाच तो जमतो, एरवी नाही. सरकारी मंडळांवरच्या जागाही मालक संघटनेकडे आल्या, त्या तिने १९९१ मध्ये स्वतःहून सोडल्या.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. प्रत्येक देशाचे सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी ठरले. पुढच्याच वर्षी मालकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही निघाली. एका देशाने कामगारांना माणुसकीची वागणूक नाकारली तर ते परिस्थिती सुधारू पाहणाऱ्या इतर देशांच्या आड येते, असे श्रम संघटनेच्या घटनेच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. स्पर्धकावरही तोच बोजा पडावा, हा मालकांचा जुना आग्रह त्याला अगदी परका नव्हता.

या मंचावरचा अलीकडचा मोठा वाद संपाच्या हक्काचा. संघटना स्वातंत्र्याविषयीच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात संपाचा उल्लेख नाही. तरीही करारांच्या अंमलबजावणीवर नजर ठेवणारी श्रम संघटनेची तज्ज्ञ समिती हा हक्क त्यातूनच निघतो असे मानते. श्रम संघटनेच्या २०१२ च्या वार्षिक परिषदेत मालक गटाने याला हरकत घेतली आणि त्या वर्षी कोणत्या देशांच्या प्रकरणांवर चर्चा करायची, याची यादीच ठरू शकली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रम संघटनेच्या नियामक मंडळाने हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवला.