तपकिरी डागांना मोजपट्टी कधी लागली?

बाळाच्या पाठीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचा सपाट डाग दिसला, की 'जन्मखूण आहे' म्हणून घरात विषय संपतो. डाग एकदोनच असतील तर तो संपायला हरकतही नाही. निरोगी मुलांतही ते असतात. पाच-सहा दिसू लागले, की मात्र बालरोगतज्ज्ञ मोजपट्टी हातात घेतात. ही सवय वैद्यकाला उशिराच लागली.

1882 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवलं, की काही रुग्णांच्या त्वचेवरच्या असंख्य गाठी मज्जातंतूंच्या आवरणातून निघतात. हाच न्यूरोफायब्रोमॅटोसिस. पण गाठी बहुधा वयात येताना उगवतात. मग लहान मूल ओळखायचं कशावरून?

उत्तर डागांतच होतं. 1956 मध्ये अमेरिकेतल्या क्रो, शल आणि नील या संशोधकांनी आकडा दिला: दीड सेंटिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक डाग. तान्ह्याच्या अंगावर एवढे मोठे डाग शोधत बसणं जरा अवघडच! 1987 च्या निकषांनी ते दुरुस्त केलं. वयात येण्यापूर्वी 5 मिलिमीटर, नंतर 15. शिवाय केवळ डागांवर निदान करायचं नाही, सातांपैकी दोन निकष जुळायला हवेत. त्यांत काखेतले किंवा जांघेतले बारीक ठिपके फार बोलके, कारण तिथे ऊन पोचत नाही. डोळ्याच्या रंगीत पडद्यावरच्या इवल्या गाठीही त्यांतच. नेत्रतज्ज्ञ लिश यांनी त्या 1937 मध्येच नोंदवल्या होत्या.

1990 मध्ये या आजारामागचं, सतराव्या गुणसूत्रावरचं जनुक सापडलं. सुमारे निम्म्या रुग्णांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडील निरोगी असतात. ग्रहण पाळलं नाही म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

2007 मध्ये नवा पेच आला. तसेच डाग, तसेच ठिपके, पण गाठी नाहीत, आणि बिघाड वेगळ्याच जनुकात: लेजियस सिंड्रोम. म्हणून 2021 च्या सुधारित निकषांत जनुकचाचणी आली. तरी तान्ह्याच्या बाबतीत अडचण उरतेच. सहा डाग बहुधा पहिल्या वर्षातच भरतात, ठिपके मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत वाट पाहायला लावतात. दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ होऊ शकते, म्हणून खात्री होण्याआधीच अशा मुलाचे डोळे दरवर्षी तपासून घेतात.