एसपीयू_रन : सहप्रक्रियकावर प्रोग्रॅम चालवणारा लिनक्स सिस्टिम कॉल

एसपीयू_रन हा लिनक्स कर्नेलमधला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातला, सिस्टिम कॉल. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलकडून काम करून घेण्याची वाट. सेल ब्रॉडबँड इंजिन या प्रोसेसरमधल्या एसपीयू नावाच्या सहप्रक्रियकांवर प्रोग्रॅम चालवणे हे त्याचे काम. एसपीयू_क्रिएट हा त्याचा जोडीदार. दोन्ही कॉल मार्च २००६ मध्ये आलेल्या २.६.१६ या कर्नेलपासून उपलब्ध आहेत, तेही फक्त पॉवरपीसी या जातीच्या प्रोसेसरवर. तिथे एसपीयू_रनचा क्रमांक २७८ आणि एसपीयू_क्रिएटचा २७९.

सेल हा सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला प्रोसेसर. त्यात पॉवरपीसी जातीचा एक मुख्य प्रक्रियक आणि आठ एसपीयू असतात. प्लेस्टेशन ३ मध्ये आठांपैकी सातच चालू ठेवलेले होते आणि त्यातलाही एक यंत्रणेसाठी राखीव, त्यामुळे लिनक्सच्या वाट्याला सहाच येत. प्रत्येक एसपीयूकडे १२८ बिटांची १२८ रजिस्टरे आणि २५६ केबी लोकल स्टोअर, म्हणजे स्वतःची छोटी मेमरी, असते. कोड, डेटा, स्टॅक सगळे एवढ्यातच बसवायचे. मुख्य मेमरीतला एक शब्दही एसपीयूला थेट वाचता येत नाही, तो डीएमएने, म्हणजे मेमरीतून मेमरीत थेट हस्तांतरण करून, आत आणावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्क घेणारा छोटा वर्कशॉप जसा आणून टाकलेल्या मालावरच काम करतो, तसाच हा व्यवहार आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच विद्यार्थी शाळेत मराठीतून शिकतात आणि पुढे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात फोर्क (नवी प्रोसेस काढणे), एक्झेक (तीत प्रोग्रॅम चढवणे) आणि वेट (ती संपण्याची वाट पाहणे) हे कॉल गिरवतात. त्या सवयीने पाहिले तर एसपीयू_रन म्हणजे फोर्कसारखे काम सोडून देऊन पुढे जाणे असावे, असे वाटते. तसे मुळीच नाही. एसपीयू थांबेपर्यंत हा कॉल परतत नाही आणि बोलावणारा थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एक धागा, तिथेच अडकून राहतो. सहा एसपीयू एकाच वेळी राबवायचे असतील, तर सहा थ्रेड उघडून प्रत्येकातून वेगळा एसपीयू_रन करावा लागतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि ती शहाणपणाची आहे. एसपीयूवरचा प्रोग्रॅम प्रोसेसच्याच आभासी पत्त्यांवर डीएमए करतो. त्यात पेज फॉल्ट आला (हवे ते पान मेमरीत नसले), सिग्नल आला किंवा डीबगर जोडला, तर हे सगळे ज्याच्या नावावर मांडायचे तो नेहमीचा लिनक्स थ्रेड हाताशी असतो.

वापराचा क्रम असा. आधी एसपीयूएफएस ही फाइलप्रणाली बहुधा /एसपीयू या जागी माउंट करतात. माउंट करताना गट ठरवून दिला नाही, तर साध्या वापरकर्त्याला तिथे काही बनवता येत नाही. मग एसपीयू_क्रिएटला मार्ग, फ्लॅग आणि परवानग्या द्यायच्या. त्या नावाची डिरेक्टरी तयार होते आणि तिचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) हाती येतो. ही डिरेक्टरी म्हणजे एसपीयूची स्थिती जपणारा एक संदर्भ. डिस्क्रिप्टर बंद झाला की तीही नाहीशी होते. आतल्या ‘मेम’ फाइलमध्ये लोकल स्टोअर दिसते, ‘रेग्ज’मध्ये रजिस्टरे, आणि एमबॉक्स, आयबॉक्स, डब्ल्यूबॉक्स या मेलबॉक्सच्या, म्हणजे एसपीयू आणि मुख्य प्रक्रियक यांच्यात छोट्या नोंदींची ये-जा करणाऱ्या कप्प्यांच्या, फाइली. ‘मेम’मध्ये प्रोग्रॅम लिहायचा, एनपीसी या चलात सुरुवातीचा पत्ता ठेवायचा आणि एसपीयू_रनला तीन गोष्टी द्यायच्या : डिस्क्रिप्टर, एनपीसीचा पॉइंटर, इव्हेंटचा पॉइंटर. तिसरा रिकामा ठेवला तरी चालतो.

सगळ्यात लहान प्रयोग एकाच सूचनेचा. एसपीयूची ‘स्टॉप’ सूचना म्हणजे ३२ बिटांचा शब्द, त्याच्या खालच्या १४ बिटांत थांबण्याचा संकेतांक. लोकल स्टोअरच्या शून्य पत्त्यावर हेक्स ००००२००५ लिहा, एनपीसी शून्य ठेवा आणि कॉल करा. उत्तर येते हेक्स २००५०००२. खालचा २ म्हणजे ‘स्टॉप सूचनेमुळे थांबला’, वरच्या भागातला २००५ हा संकेतांक. हेक्स २००० ते २०एफएफ हे संकेतांक प्रोग्रॅम संपल्याचे मानले जातात, म्हणून याचा अर्थ प्रोग्रॅम ५ हे मूल्य देऊन संपला. एनपीसीत आता ४ असतो, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता.

नवखे इथेच ठेचकाळतात. शून्य म्हणजे यश, ही युनिक्सची सवय इथे चालत नाही. कॉल यशस्वी झाला तर खालच्या आठ बिटांपैकी एक तरी बिट चढलेला असतोच : २ स्टॉप, ४ हॉल्ट, ८ चॅनेलची (एसपीयूच्या आत-बाहेरच्या वाटेची) वाट पाहणे, हेक्स १० एकेका पावलाने चालणे, हेक्स २० अवैध सूचना, हेक्स ४० अवैध चॅनेल. संकेतांक वाचायचा तो २ चा बिट चढलेला असेल तेव्हाच. प्रोग्रॅम चढवायचा राहून गेला, तर कोऱ्या लोकल स्टोअरमधला शून्य हीसुद्धा स्टॉप सूचनाच ठरते आणि उत्तर नुसते २ येते. नुसता २ दिसला की आधी लोडिंग तपासावे.

उणे एक आल्यास त्रुटीचे नाव पाहावे. ईनोसिस म्हणजे हार्डवेअर नाही किंवा एसपीयूएफएस मॉड्यूल चढलेले नाही. ईइनव्हॅल म्हणजे दिलेला डिस्क्रिप्टर एसपीयू_क्रिएटचा नाही. ईइंटर म्हणजे मध्येच सिग्नल आला. अशा वेळी एनपीसी पुन्हा शून्य करू नये. तोवर झालेली वाटचाल त्यात नोंदलेली असते, तोच पॉइंटर देऊन पुन्हा कॉल करावा.

सर्वाधिक बिघाड डीएमएत होतात. एका वेळी १, २, ४, ८ बाइट किंवा १६ च्या पटीत, जास्तीत जास्त १६ केबी नेता येतात. मोठ्या हस्तांतरणात दोन्ही पत्ते १६ ने भागले जायला हवेत, १२८ ने भागले गेले तर वेग उत्तम मिळतो. हे संरेखन चुकले की प्रोसेसला सिगबस हा सिग्नल येतो आणि भलत्या पत्त्यावर गेले तर सिगसेग्व्ह. संदर्भ बनवताना इव्हेंटचा फ्लॅग दिलेला असेल, तर सिग्नल न येता तीच खबर तिसऱ्या पॉइंटरमधून मिळते. लोकल स्टोअरला मात्र कसलेच संरक्षण नाही. खाली सरकणारा स्टॅक कोडवर चढला तरी कोणी हटकत नाही, प्रोग्रॅम नुसता वेडावाकडा वागू लागतो.

मेलबॉक्सची अडचण आणखी छुपी असते. बाहेर जाणाऱ्या मेलबॉक्समध्ये एकच नोंद मावते, आत येणाऱ्यात चार. बाहेरचा भरलेला असताना एसपीयूने दुसरी नोंद लिहायला घेतली की तो खोळंबतो, आणि तो रिकामा करणारा थ्रेड जर एसपीयू_रनमध्येच बसलेला असेल तर दोघेही कायमचे अडकतात. मेलबॉक्स नेहमी वेगळ्या थ्रेडने वाचावा.

कॉलेजच्या लॅबमधली यंत्रे बहुधा इंटेल किंवा एएमडीची, म्हणजे एक्स८६-६४ असतात. तिथे हा कॉलच नाही. कुठून तरी २७८ हा आकडा उचलून क्रमांकावरून कॉल करणाऱ्या सिसकॉल फंक्शनला दिला, तर त्या यंत्रावर व्हीएमस्प्लाइस हा भलताच कॉल चालतो आणि २७९ वर मूव्ह_पेजेस. येणाऱ्या उत्तराचा एसपीयूशी काडीचाही संबंध नसतो. जीलिबसी या सी लायब्ररीत या कॉलसाठी वेगळे फंक्शन नाही, म्हणून सिसकॉल वापरावाच लागतो, पण आकड्याऐवजी हेडरमधले नाव लिहावे. एक्स८६ वर ते नाव सापडत नाही आणि कंपाइल तिथेच अडते, हेच बरे. प्रत्यक्ष कामासाठी लिबएसपीई२ ही लायब्ररी वापरावी. तिचे कॉन्टेक्स्ट_रन फंक्शन आतून हाच कॉल करते.

आज हे शिकायला जुने यंत्रच लागते. प्लेस्टेशन ३ वरची लिनक्सची सोय सोनीने १ एप्रिल २०१० च्या ३.२१ फर्मवेअरमध्ये काढून टाकली. जीसीसी या कंपायलरने एसपीयूचा आधार १० व्या आवृत्तीत सोडला, म्हणून त्याची आवृत्ती ९ किंवा त्याआधीची हवी. नवे एनपीयू (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाचे प्रक्रियक) आणि जीपीयू (ग्राफिक्सचे) लिनक्समध्ये असा स्वतंत्र कॉल मागत नाहीत. /डेव्हमधली उपकरणाची फाइल उघडून आयओसीटीएल या नेहमीच्या कॉलने त्यांच्याशी बोलतात, आणि २०२३ च्या ६.२ कर्नेलपासून अशा प्रवेगकांसाठी ‘अ‍ॅक्सेल’ ही वेगळी उपप्रणाली आहे. तिथे काम रांगेत टाकून थ्रेड लगेच मोकळा होतो आणि काम संपल्याची खूण नंतर वेगळी विचारावी लागते.