विनोदी मोनोलॉग

एकट्या कलावंताने प्रेक्षकांशी थेट बोलत रंगवलेला विनोदी कार्यक्रम. मराठीत मोनोलॉगला ‘स्वगत’ म्हणायची पद्धत आहे, पण इथे तो शब्द चपखल बसत नाही. स्वगतात पात्र स्वतःशी बोलते. इथे समोरच्या माणसाला बोलण्यात ओढून घेणे हाच सगळा खेळ असतो. या प्रकाराची जडणघडण प्रामुख्याने इंग्लंडमधल्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे खातपीत गाणी आणि करमणूक बघण्याच्या सभागृहांमध्ये झाली. त्याचे भावंड म्हणजे स्केच, काही मिनिटांचा प्रहसनवजा प्रवेश.

दोन्हींना वळण लावले ते कायद्याने. १८४३च्या थिएटर कायद्यानंतर नाट्यगृहाच्या प्रेक्षागृहात मद्यपानाला मनाई होती आणि जिथे पिणे चाले तिथे नाटकाला मनाई होती. गाण्यावर मात्र बंदी नव्हती. चार्ल्स मॉर्टन याने १८५२मध्ये लंडनच्या लँबेथ भागात आपल्या दारूगुत्त्याला जोडून कँटरबरी हॉल काढला, तो याच वाटेने. टेबलाशी बसून खाणाऱ्यापिणाऱ्यांचे लक्ष नुसत्या गाण्यावर टिकत नसे. म्हणून गायक कडव्यांच्या मध्ये बोलू लागले. या बोलण्याला ‘पॅटर’ म्हणत. पुढे गाणे निमित्तापुरते उरले.

ही कला म्युझिक हॉलचा विनोदवीर डॅन लेनो (१८६०–१९०४) याच्याइतकी क्वचितच कुणाला साधली असेल. एका भांडणाची हकिगत सांगता सांगता त्याच्या तोंडी मिसेस केलीचे नाव येई आणि तो तिथेच अडे. मिसेस केली तुम्हाला ठाऊक आहे ना? असणारच, तिला कोण ओळखत नाही, असे तो परत परत विचारत राही आणि भांडण बाजूलाच पडे. मिसेस केली रंगमंचावर कधीच येत नसे, तरी आपल्या गल्लीतली अशी एक बाई प्रत्येकाला आठवे. यात कोटी नाही, चुटका नाही; निव्वळ ओळखीच्या आनंदावर सभागृह हसे. माझ्या मते या प्रकाराचे मर्म इथेच सापडते.

स्केचची अडचण निराळी होती. संवाद आले की ते नाटक ठरण्याची भीती असे, म्हणून म्युझिक हॉलसाठी स्केच बसवणाऱ्या फ्रेड कार्नोच्या मंडळीने मूकाभिनयावर भर दिला. १९०४च्या ‘ममिंग बर्ड्‌स’मध्ये रंगमंचावरच एक छोटा रंगमंच आणि प्रेक्षकांचे बॉक्स उभारलेले असत. बॉक्समधला एक झिंगलेला श्रीमंत गृहस्थ प्रत्येक कलावंताच्या कामात लुडबुड करी. ही भूमिका चार्ली चॅप्लिनने गाजवली. १९१०मध्ये कार्नोची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा चॅप्लिनबरोबर स्टॅन लॉरेलही होता.

अमेरिकेत व्हॉडव्हिलचे, म्हणजे गाणी, नाच आणि विनोद यांच्या मिश्र करमणुकीच्या रंगमंचाचे कलावंत रेडिओवर गेले आणि मोनोलॉगमध्ये त्या त्या दिवसाच्या बातम्या शिरल्या. १९५४मध्ये स्टीव्ह ॲलनने सुरू केलेल्या एनबीसी वाहिनीच्या ‘टुनाइट’ कार्यक्रमामुळे तो रात्रीच्या दूरचित्रवाणीचा नेमच झाला. जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ अशी तब्बल ३० वर्षे हा कार्यक्रम चालवला. रंगीत पडद्यातून बाहेर येऊन तो उभ्याउभ्याच दिवसभराच्या घडामोडींवर बोले आणि शेवटी गोल्फचा काल्पनिक फटका मारे. एखादा विनोद पडला तर तो पुढे रेटत नसे. थांबे, प्रेक्षकांकडे बघे, विनोद पडल्याची कबुलीच देऊन टाके आणि त्यावर मोठा हशा वसूल करी.

११ ऑक्टोबर १९७५ रोजी, शनिवारी रात्री साडेअकराला, न्यूयॉर्कहून ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ सुरू झाले. त्यात सूत्रधाराचा मोनोलॉग आणि स्केच एकाच कार्यक्रमात गुंफले होते. पहिल्या रात्रीचा सूत्रधार जॉर्ज कार्लिन मात्र एकाही स्केचमध्ये उतरला नाही. त्याने फक्त मोनोलॉग केले.