शाम्पूची वडी घेतलीत? उघडण्याआधी एवढं वाचा

पहिली सूचना जरा विचित्र वाटेल: ही वडी आजच उघडू नका. घरात शाम्पूची अर्धी बाटली असेल तर आधी ती संपवा. भरलेली बाटली फेकून देऊन पर्यावरणाला जपणारी वस्तू आणली, तर कचरा वाढलाच की! वडी कोरड्या कपाटात ठेवा. तिथे ती खुशाल वाट बघत बसेल.

बाटलीतल्या शाम्पूत बहुतांश पाणीच असतं. पाणी आलं की त्यात जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून संरक्षक द्रव्यं आली, गळू नये म्हणून प्लास्टिकची बाटली आली आणि वर पंप आला. रिकाम्या बाटलीचा पंप एकदा खोलून बघाच. आत नळी, झडप आणि बहुतेक वेळा पोलादाची बारीक स्प्रिंग निघते. दोन-तीन जातींचं प्लास्टिक आणि धातू असे एकमेकांत अडकलेले असल्याने बाटलीचं पुन्हा काहीतरी होऊ शकतं, पंपाचं सहसा होत नाही. त्यामुळे पंपाची बाटली घेतलीच, तर तोच पंप पुढच्या बाटलीला लावा आणि नवी बाटली साध्या बुचाची घ्या.

आता वडीबद्दल, आणि थोडं आमच्या चुकीबद्दलही. सुरुवातीला आम्ही जी वडी बनवायचो ती खरं तर साबणच होती. साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) साधारण 9 ते 10 असतो, डोक्याच्या त्वचेचा 5.5 च्या आसपास. शिवाय पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट थर दिसतो ना, तोच केसांवर बसतो. ‘केस मेणचट होतात’ अशा तक्रारी आल्या तेव्हा आम्ही ‘सवय होईल’ असं सांगत राहिलो. तक्रार करणाऱ्यांचंच बरोबर होतं. आताच्या वडीत साबण नाही. तिच्यात सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हा सौम्य फेसकारक आहे आणि जड पाण्यात तिचा साका होत नाही. दुसरीकडून वडी घेतलीत तरी वेष्टनावरची घटकांची यादी वाचा, म्हणजे हातात साबण आहे की शाम्पू ते कळेल.

वडी थेट डोक्यावर घासू नका. ओल्या तळहातांवर चार-पाच वेळा फिरवा आणि तो फेस केसांच्या मुळांशी लावा.

वडी लवकर संपते ती वापराने कमी आणि पाण्यात बसून जास्त. सपाट साबणदाणीत तळाशी पाणी साचतं, वडी खालून बुळबुळीत होते आणि दुसऱ्या दिवशी निम्मा लगदा दाणीलाच चिकटलेला असतो. खाली भोकं किंवा जाळी असलेली दाणी घ्या, ती पाण्याच्या धारेपासून लांब ठेवा. दाणी नसेल तर बाटलीची दोन बुचं पालथी ठेवून त्यावर वडी ठेवली तरी चालतं. आम्ही कारखान्यात तेच करतो.

आमच्याकडचा बांबूचा ब्रश घेतला असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: दांडा बांबूचा आहे, पण तंतू नायलॉनचेच आहेत. टाकायच्या वेळी पक्कडीने तंतू उपटा, ते कचऱ्यात टाका आणि दांडा मातीत किंवा कंपोस्टात घाला. अख्खा ब्रश कुजतो असं आम्ही म्हणणार नाही. ‘विघटनशील’ या शब्दाचंही तसंच आहे. मक्यापासून बनवलेलं पीएलए प्लास्टिक कुजायला 55–60 अंश तापमानाची मोठी कंपोस्ट व्यवस्था लागते. घरच्या कुंडीत ते तसंच पडून राहतं.

दाढीसाठी धातूचा सेफ्टी रेझर घेतलात तर टाकायची फक्त पोलादाची पाती उरतात. ती सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. जुन्या पत्र्याच्या डबीला चीर पाडून त्यात साठवा. ओल्या वाइप्समध्ये बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं, ते संडासात कधीच टाकू नका. मेन्स्ट्रुअल कप नीट उकळून वापरला तर काही वर्षं टिकतो, पण तो सगळ्यांनाच सोयीचा पडतो असं नाही. कुणावर लादू नये.

जाता जाता: केस धुताना सर्वांत जास्त ऊर्जा लागते ती पाणी तापवायला. फेस चोळताना नळ बंद ठेवलात तर आमची वडी न घेताही बराच फायदा होईल. हे विक्रीच्या पत्रकात लिहू नये म्हणतात, पण खरं आहे.

वडी झिजून पातळ चीप उरली की ती ओली करून नव्या वडीवर दाबा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी दोन्ही एकजीव झालेल्या असतात. चिकटली नाही, तर दोन्ही बाजू पुरेशा ओल्या नव्हत्या असं समजा आणि पुन्हा करा.