ट्रेडिंग शिकताय? मग वाचन आणि चार्ट सोबतच चालू द्या

आमच्या ट्रेडिंग क्लासला येणाऱ्यांपैकी काहींना कॅन्डलस्टिकची (चार्टवर भावाची चढ-उतार दाखवणाऱ्या कॅन्डलची) सगळी नावं तोंडपाठ असतात पण एकही ऑर्डर कधी टाकलेली नसते, आणि काही जण थेट अकाउंट उघडून घेणं-विकणं सुरू करतात आणि मग पैसे का गेले ते विचारायला येतात. दोघांनाही आम्ही एकच सांगतो, आज जे वाचलं ते आजच चार्टवर शोधा.

आता आरएसआयच घ्या, म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा आकडा. वाचून एवढंच डोक्यात राहतं की ७० च्या वर गेला की विकायचं. चार्ट मागे नेऊन बघा, जोरदार तेजीत तो कितीतरी दिवस ७० च्या वरच असतो, भाव चढतच राहतो आणि विकणारा हात चोळत बसतो. असं का, हे कळायला परत थिअरीकडेच यावं लागतं: मागच्या १४ कॅन्डलमधली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांच्या तुलनेतून हा आकडा निघतो, घट फारशी झालीच नाही तर तो खाली येणार कसा?

स्टॉपलॉसचंही, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की आपोआप विकायच्या ऑर्डरचंही तसंच. समजा भांडवल १,००,००० रुपये आहे आणि एका ट्रेडमध्ये १ टक्का म्हणजे १,००० च्या वर घालवायचे नाहीत. शेअर २५० ला घेतला, स्टॉप २४० ला, शेअरमागे रिस्क १०, म्हणून १०० शेअर. हिशोब चोख. पण दुसऱ्या दिवशी गॅप-डाऊन होऊन भाव २३२ लाच उघडला तर स्टॉप ट्रिगर होऊन मार्केट ऑर्डर जाते, मिळेल त्या भावाला माल विकला जातो, तोटा साधारण १,८००. लिमिटवाला स्टॉप (ठरवलेल्या भावाच्या खाली न विकणारा) असेल तर कदाचित विकलंच जाणार नाही, नवख्यांसाठी आम्हाला हे जास्त धोक्याचं वाटतं.

पेपर ट्रेडिंग, म्हणजे खरे पैसे न लावता सराव, जरूर करा, ऑर्डर टाकायचा हात त्यानेच बसतो. फक्त तिथे स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक) आणि ब्रोकरेज बरेचदा धरलेलं नसतं, आणि पैसे आपले नसल्यामुळे तोट्यात पोटात गोळाही येत नाही, म्हणून त्यानंतर अगदी कमी क्वांटिटीत खरे ट्रेड घ्या, लगेच मोठी उडी नको.

आणि वही ठेवाच. का घेतोय, स्टॉप कुठे, हे ट्रेड घेण्याआधी लिहायचं, नंतर लिहिलं तर मन आपोआप सोयीची कारणं जुळवतं. क्लासला येताना ती वही घेऊन या, फसलेले ट्रेड त्यातूनच काढून आपण चार्टवर एकेक बघू.