आत्मनियंत्रण आणि विचारांचे भान (बालविकास)

मनात उसळलेली ऊर्मी आवरून ठरवल्याप्रमाणे वागता येणे म्हणजे आत्मनियंत्रण. आपल्याला काय कळले, काय आठवते, कुठे अडते हे स्वतःचे स्वतःला उमगणे म्हणजे विचारांचे भान. या भानासाठी ‘मेटाकॉग्निशन’ ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात रूढ केली.

तीन वर्षांच्या मुलाला चित्रांचे पत्ते रंगानुसार लावायला सांगितले तर ते बिनचूक लावते. मग ‘आता आकार बघून लाव’ म्हटले की घोटाळा होतो. नवा नियम काय, असे विचारल्यास ते बरोबर सांगते; हात मात्र जुन्याच नियमाने चालतो. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या या प्रयोगात बहुतेक मुलांना नियम बदलणे चौथ्या-पाचव्या वर्षी जमू लागते. एवढ्या लहान मुलाला ‘सांगून कळत नाही’ म्हणणे त्यामुळे अन्यायाचे आहे. त्याला कळलेले असते. ते कृतीत उतरवणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रिफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

या काळात मूल खेळताना मोठ्याने स्वतःशी बोलते: ‘हा नको, आधी तो मोठा.’ रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांच्या मते मोठ्यांच्या सूचना मूल अशा रीतीने आपल्याशा करते आणि पुढे हेच बोलणे मनातल्या मनात होऊ लागते. ही बडबड थांबवू नये.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्शमेलो (एक मऊ गोड खाऊ) प्रयोगांत मुलांपुढे खाऊ आत्ता एक की थोडे थांबून दोन, अशी निवड होती. डोळे झाकणारी, गाणी म्हणणारी मुले जास्त वेळ थांबू शकली. म्हणजे निग्रहाइतकीच युक्तीही कामी आली. पुढील यशाशी या थांबण्याचा लावलेला संबंध मात्र २०१८ च्या मोठ्या अभ्यासात, घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर, बराच क्षीण ठरला. शिवाय २०१३ च्या एका प्रयोगात, आधी शब्द न पाळणाऱ्या मोठ्या माणसासमोर मुले सरासरी तीन मिनिटे थांबली, तर शब्द पाळणाऱ्यासमोर सुमारे बारा. अधीर वाटणारे मूल कित्येकदा अनुभवातून शहाणे झालेले असते.

विचारांचे भान सावकाश येते. शाळेपूर्वीच्या मुलांना आपल्या स्मरणशक्तीबद्दल अवास्तव खात्री असते. सहा-आठ वर्षांची मुले पाठ करायच्या जोड्यांपैकी (दोन-दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवायच्या) अवघड कोणत्या हे ओळखतात, तरी सोप्या-अवघड सगळ्यांना सारखाच वेळ देतात. अवघड जोड्यांवर जास्त वेळ घालवणे दहा-बाराव्या वर्षी दिसू लागते.